लोखंडाची काच आणि लोखंडपणाची किंमत

'स्फटिकासारखे स्वच्छ' हा शब्दप्रयोग आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो, आणि तसे करताना स्फटिक व काच यांना नकळत एकाच माळेत ओवत आलो. पदार्थविज्ञानात मात्र हे दोन शब्द एकमेकांचे वैरी आहेत. स्फटिक म्हणजे अणूंची शिस्तबद्ध, पुनःपुन्हा तीच येणारी रचना. काच म्हणजे द्रवातील अणूंचा विस्कळीतपणा जसाच्या तसा थिजून झालेला घन पदार्थ. पारदर्शकतेचा येथे काहीच संबंध नाही. या अर्थाने स्वयंपाकघरातली विळी स्फटिकमय आहे आणि खिडकीची काच नाही.

लोखंडाची काच करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आम्ही वाचू लागलो तो या शब्दकुतूहलापोटी. वाचता वाचता त्याच्या मांडणीविषयीच एक तक्रार मनात उभी राहिली, ती येथे नोंदवतो.

आरंभ अनपेक्षित आहे. कॅलिफोर्नियातील 'कॅलटेक' या संस्थेत काम करणारे, जन्माने बेल्जियन असलेले पोल दुवेझ काच शोधत नव्हतेच. एरवी एकमेकांत पुरते न मिसळणारे धातू वितळलेल्या अवस्थेतून अतिवेगाने थिजवले, तर ते मिसळलेलेच राहतील काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी वितळलेला थेंब वायूच्या झोताने तांब्याच्या थंड पृष्ठावर आदळवायचा. थंड होण्याचा वेग सेकंदाला दहा लाख अंशांच्या घरात जाई. सोने व सिलिकॉन यांच्या मिश्रणावर हा प्रयोग केला तेव्हा क्ष-किरणांच्या चित्रात स्फटिकाच्या रेखीव खुणा उमटल्याच नाहीत. क्लेमेंट, विलेन्स व दुवेझ यांचे छोटेसे टिपण १९६० साली 'नेचर'मध्ये आले. ती काच होती कणभर, आणि साध्या तापमानालाही ती फार काळ टिकत नव्हती.

त्याच वर्षी सोव्हिएत शास्त्रज्ञ गुबानोव यांनी केवळ सिद्धान्ताच्या बळावर असे मांडले, की लोहचुंबकत्वाला स्फटिकाच्या शिस्तीची गरज नाही. हे विधान त्या काळी धाडसाचे होते, कारण चुंबकत्वाचा सारा विचार स्फटिकजालाच्या गृहीतकावर उभा होता. १९६७ साली दुवेझ व लिन यांनी लोखंड, फॉस्फरस आणि कार्बन यांची काच केली. ती विस्कळीत होती आणि ठळकपणे चुंबकीयही होती.

यापुढचा भाग आम्हांस सर्वांत रोचक वाटतो. स्फटिकमय लोखंडात चुंबकत्वाला काही दिशा सोयीच्या असतात, काही गैरसोयीच्या. शिवाय कणांच्या सीमा वाटेत आडव्या येतात. काचेत या दिशाही नाहीत आणि या सीमाही नाहीत. त्यामुळे तिचे चुंबकत्व अगदी थोड्या श्रमात उलटवता येते. विजेला तिचा रोध जास्त असल्याने भोवरी प्रवाहांत वाया जाणारी ऊर्जाही कमी होते. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात प्रत्यावर्ती विजेमुळे सेकंदाला कित्येक वेळा हीच उलथापालथ चालते. तेथे यापेक्षा सोयीचा गुण कोणता? वेगाने फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर वितळलेल्या धातूची धार सोडून सुमारे २५ मायक्रॉन जाडीच्या लांबलचक फिती काढण्याची पद्धत १९७०च्या दशकात रुळली. लोखंड, बोरॉन व सिलिकॉन यांच्या अशा फितींनी ट्रान्सफॉर्मरची विनाभार हानी ६० ते ७० टक्क्यांनी घटते.

पण फीत म्हणजे वस्तू नव्हे, अशी धारणा होती. कांडी हवी, ठोकळा हवा. येथून इतिहासकारांच्या हाती एक फूटपट्टी आली, जाडीची. काचेची जाडी वाढवायची तर सावकाश थंड होतानाही ती स्फटिक होऊ नये, आणि त्यासाठी मिश्रण गुंतागुंतीचे करावे लागते. जपानमधील सेन्दाई येथील तोहोकु विद्यापीठात अकिहिसा इनोउए यांनी याचे ठोकताळे बसवले: निदान तीन मूलद्रव्ये, अणूंच्या आकारात १२ टक्क्यांहून अधिक तफावत, आणि एकमेकांविषयी पुरेशी ओढ. १९९५ साली लोखंडाची अशी जाड काच, जिला 'बल्क मेटॅलिक ग्लास' म्हणतात, तांब्याच्या साच्यात ओतून तयार झाली. २००४ साली व्हर्जिनिया विद्यापीठातील पून व शिफ्लेट यांच्या आणि ओक रिजच्या प्रयोगशाळेतील लू व लिऊ यांच्या गटांनी स्वतंत्रपणे १२ मिलिमीटर व्यासाच्या कांड्या ओतल्या. 'अस्फटिक पोलाद' असे त्यांचे नाव गाजले.

मायक्रॉनपासून सेंटिमीटरपर्यंतची ही चढण म्हणजेच प्रगती, असे सारे वृत्तान्त सांगतात. आमची तक्रार येथेच आहे. व्हर्जिनियाच्या त्या कांडीत शंभर अणूंमागे लोखंडाचे अणू ४८. उरलेले क्रोमियम, मॉलिब्डेनम, कार्बन, बोरॉन आणि चिमूटभर अर्बियम. ओक रिजच्या कांडीत तर लोखंड ४४ टक्क्यांच्याही खाली. अशी काच साध्या तापमानाला लोहचुंबकीय राहत नाही. संरक्षणाच्या दृष्टीने हा गुणच असेल. पण ज्या चुंबकत्वासाठी लोखंडाच्या काचेचे एवढे कौतुक झाले, ते जाडी वाढवताना खर्ची पडले, ही गोष्ट एखाद्या तळटीपेत उरकावी अशी नाही. (वाङ्मयेतिहासातही पृष्ठसंख्येने कादंबरीची वाढ मोजणारे आपण पाहिले आहेत.)

सेन्दाईच्या गटाने २००४ सालीच दुसरी वाट धरली. लोखंड व कोबाल्ट यांत बोरॉन, सिलिकॉन आणि थोडे नायोबियम मिसळून त्यांनी चुंबकत्व राखले आणि सुमारे ४ गिगापास्कल इतके बळ मिळवले. म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर ४०० किलोंचा भार! साधे बांधकामाचे पोलाद २५ किलोंच्या आसपासच वाकू लागते. मात्र व्यास पाच मिलिमीटरपर्यंतच पोहोचला. शिवाय पोलाद वाकते, तसे या काचेला वाकता येत नाही. ताण असह्य झाला की विरूपण अरुंद पट्ट्यांत एकवटते आणि कांडीचे तुकडे उडतात. अस्फटिक पोलादाचेही तेच. चिरेला दाद न देण्याच्या गुणात ते पोलादाच्या जवळ नाही, खिडकीच्या काचेपासून फार दूर नाही. नाव पोलादाचे, मरण काचेचे.

या ठिसूळपणाचे कारण शोधताना २००५ साली लेवान्डोव्स्की, वांग व ग्रीअर यांनी दाखवले, की पदार्थ आकार बदलण्याला जितका विरोध करतो तो आकारमान बदलण्याच्या विरोधाच्या तुलनेत फार असेल, तर काच ठिसूळ निघते. बोरॉन व कार्बन यांनी लोखंडाला ताठ केले होते, आणि त्या ताठपणाची किंमत अशी मोजावी लागली. मग २००९ साली कॅलटेकमधीलच जॉन्सन यांच्या गटाने हा ताठपणा मुद्दाम उतरवला. जाडी थोडी सोडली, चिवटपणा मिळवला. त्यांच्या मिश्रणात बोरॉन थोडा होता. मुख्य भर होता फॉस्फरस आणि कार्बन यांवर, म्हणजे १९६७ साली त्याच संस्थेत दुवेझ व लिन यांनी लोखंडात मिसळलेल्या त्याच दोन द्रव्यांवर.