साक्षकथन

आपल्या श्रद्धेचा उगम, तीवर आलेली संकटे आणि अखेर लाभलेली निश्चिती यांचे ख्रिस्ती मंडळीसमोर मुखाने अथवा लेखाने केलेले निवेदन. सतराव्या शतकात न्यू इंग्लंडमधील प्युरिटन मंडळ्यांत सभासदत्वाच्या उमेदवारास असे निवेदन करावे लागे. केंब्रिज येथील पाळक टॉमस शेपर्ड याने अशी कित्येक निवेदने आपल्या दप्तरी उतरवून ठेवली. पाप, पश्चात्ताप, शांती हा क्रम रूढ झाल्यामुळे पुष्कळशी साक्षकथने एकसुरी वाटतात, हे मान्य केले पाहिजे.

मराठी भाषकांपैकी बाबा पदमनजी यांनी अरुणोदय (१८८८) या आत्मचरित्रात आपल्या धर्मांतराची हकीकत सविस्तर सांगितली. तथापि पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे १९०७ साली प्रसिद्ध झालेले आत्मनिवेदन अधिक अंतर्मुख आहे. आईवडिलांसमवेत तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडलेल्या, दुष्काळात आई, वडील व बहीण गमावलेल्या या विदुषीस श्रोतृसमुदायापुढे बोलण्याचा सराव बालपणापासूनच होता. परंतु १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपणास ख्रिस्ती धर्म लाभला, प्रत्यक्ष ख्रिस्त मात्र कित्येक वर्षांनंतर लाभला, ही गोष्ट त्यांनी ज्या निःसंकोच वृत्तीने नमूद केली, तीस वक्तृत्वाहून निराळे व दुर्मीळ असे धैर्य लागते, कारण ज्या समाजात त्या दाखल झाल्या होत्या त्याच समाजासमोर त्या आपल्या धर्मांतराचे अपुरेपण मांडीत होत्या.