चार भोके, तीन भोके आणि एक खाच : स्नोबोर्डच्या बाइंडिंगचा इतिहास

#थ्रेड
बोर्ड एका कंपनीचा घेतला आणि बाइंडिंग दुसऱ्या कंपनीचे, तर ते एकमेकांवर बसेल का? स्नोबोर्ड शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाला पडणारा हा प्रश्न वरवर दुकानातला वाटतो. त्याचे उत्तर मात्र इतिहासात शोधावे लागते.

प्रारंभी बाइंडिंगच नव्हते. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या मस्कीगन गावी शर्मन पॉपेन यांनी मुलींच्या खेळासाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या. पत्नीने त्या वस्तूला ‘स्नर्फर’ हे नाव दिले. पुढच्या टोकाला दोरी असे. ती हाती धरायची आणि फळीवर नुसते उभे राहायचे. तोल गेला की माणूस एकीकडे, फळी दुसरीकडे.

१९७९ साली मिशिगनमधल्याच ग्रँड रॅपिड्स शहराजवळ स्नर्फरच्या स्पर्धेत व्हरमाँटहून जेक बर्टन कार्पेंटर हा तरुण आला. त्याचा बोर्ड स्वतः बनवलेला होता आणि त्यावर पाय अडकवण्याची सोय होती. ही कसली स्नर्फिंग, अशी हरकत निघाली. हरकत अगदीच बिनबुडाची नव्हती. पाय बांधलेला माणूस बोर्ड कडेवर उभा करून वळवू शकतो; मोकळ्या पायांचा तसे सहजी करू शकत नाही. अखेर त्याच्यासाठी वेगळा खुला गट काढण्यात आला. त्या गटात तो एकटाच होता, अर्थात जिंकलाही तोच! या स्पर्धेला आज स्नोबोर्डच्या शर्यतींचा आरंभ मानले जाते.

पाय बांधणे मान्य झाले, पण बांधायचे कसे? १९८० च्या दशकात पोटरीमागे उभा आधार असलेले बाइंडिंग आले. त्यामुळे मऊ बुटांतही टाचेकडची कड दाबता येऊ लागली. स्कीचे बाइंडिंग पडताना सुटते. स्नोबोर्डचे सुटत नाही. दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असल्यामुळे ते जिथे बसवले आहे ती जागा भक्कम असणे आवश्यक ठरते. सुरुवातीला लाकडी फळीत थेट स्क्रू पिळत असत. बाइंडिंगची जागा बदलायची तर नवे भोक पाडावे लागे आणि जुने बोर्डला कमकुवत करी.

यावर तोडगा निघाला तो बोर्ड तयार होतानाच त्याच्या पोटात आट्यांच्या धातूच्या नळ्या बसवण्याचा. बाइंडिंगच्या मधोमध एक गोल चकती असते. तिच्यातून ६ मिमी जाडीचे स्क्रू या नळ्यांत जातात. चकती सैल करून बाइंडिंग फिरवले की पायाचा कोन बदलतो. बहुतेक कंपन्यांनी भोकांमधले अंतर ४ × ४ सेंमी ठेवले. पुढे बोर्डच्या लांबीच्या दिशेने भोके २ सेंमीवर आली; पाय किती फाकवायचे हे अधिक बारकाईने ठरवता येऊ लागले. या २ × ४ रचनेवर जुनी ४ × ४ ची चकती विनातक्रार बसते, म्हणून या बदलात कोणाचेच नुकसान झाले नाही.

बर्टन कंपनीने मात्र १९९० च्या दशकात वेगळी वाट धरली. तिच्या ‘थ्रीडी’ रचनेत चौकोनाऐवजी त्रिकोणात तीन स्क्रू. तांत्रिक समर्थन होतेच, पण बाजारातल्या सर्वांत बलाढ्य नावाने आपली भोके निराळी ठेवली की गिऱ्हाईक कुठे बांधले जाते, हे वेगळे सांगायला नको. इतर उत्पादकांनी मग एकाच चकतीत दोन्ही रचनांची भोके पाडायला सुरुवात केली. प्लॅस्टिकची ती साधी चकती या खेळातली सर्वांत कमी कौतुक झालेली वस्तू असावी.

२००० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्टननेच भोके काढून बोर्डच्या मध्यरेषेवर लांब खाच आणली : ‘द चॅनेल’. त्यात पाय हवा तिथे सरकवता येतो. सोबतच्या ‘ईएसटी’ बाइंडिंगला मधली चकतीच नव्हती. पायाखाली मऊ गादी आणि दोन कडांना स्क्रू. पायाला फार सुखाचे, पण खाच नसलेल्या बोर्डवर निरुपयोगी. वापरलेला माल घेणारे आजही इथेच फसतात. कंपनीच्याच ‘रीफ्लेक्स’ बाइंडिंगमध्ये चकती असते आणि ते तिन्ही रचनांवर चालते. ४ × ४ ची पुष्कळशी बाइंडिंगही योग्य चकती असेल तर दोन स्क्रूंवर खाचेत बसतात.

बुटांचा वाद निराळाच. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्ड प्रथम आला, तेव्हा जायंट स्लॅलमचे शर्यतपटू स्कीसारखे कडक बूट आणि धातूच्या पट्ट्यांची बाइंडिंग वापरत. हाफपाइपवाले मऊ बूट. एकाचे बूट दुसऱ्याच्या बाइंडिंगमध्ये चालत नसत. त्याच दशकात पट्ट्यांविना, पाऊल ठेवताच अडकणारी बाइंडिंगही निघाली, पण खटक्यात बर्फ साचणे आणि बुटांचे ताठर तळवे यांमुळे ती मागे पडली.

२०१७ मध्ये बर्टनने ती कल्पना ‘स्टेप ऑन’ या नावाने पुन्हा आणली. बूट तीन ठिकाणी अडकतो : बोटांच्या दोन बाजूंना आणि टाचेला. बोर्डवर हे बाइंडिंग चकतीमुळे कुठेही बसते. बूट मात्र त्याच पद्धतीचे लागतात. काही काळाने इतर कंपन्यांनाही परवान्यावर तसे बूट बनवण्याची मुभा मिळाली.

पॉपेन आणि जेक बर्टन कार्पेंटर दोघेही २०१९ मध्ये वारले, चार महिन्यांच्या अंतराने.