चार दिवसांची सुटी, दहा वर्षांची सुटी

मास्तरकीला लोक कितीही नावे ठेवोत, एका बाबतीत मात्र सारे जग आम्हां मास्तरांचा हेवा करते. ती बाब म्हणजे सुट्या! अशा सुट्यांतच मी माझ्या कादंबऱ्या लिहिल्या आणि अशाच सुट्यांत इतिहास वाचण्याचा नाद मला लागला. परदेश पाहण्याइतका पैसा मॅट्रिक झालेल्या मास्तराच्या गाठीस कुठला असणार? मी प्रवास करतो तो शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशावर. त्या नकाशात इटलीच्या बुटाच्या नडगीवर, नेपल्सच्या आखाताच्या तोंडाशी, एक ठिपका आहे. त्याचे नाव कॅप्री. क्षेत्रफळ जेमतेम दहा चौरस किलोमीटर. नदी नाही, सपाट जमीन थोडी, चहूकडे समुद्रात सरळ उतरणारे चुनखडीचे कडे, आणि सर्वांत उंच डोंगर ५८९ मीटरांचा. अशा या खडकावर गेली दोन हजार वर्षे माणसे सुटी घालवायला जात आहेत. सुटीचा इतिहास लिहायचा तर याहून सोयीची जागा मला दिसत नाही.

या बेटाचा पहिला मोठा पाहुणा म्हणजे रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस. इ.स.पू. २९ मध्ये, त्याला ती पदवी मिळण्यापूर्वी, तो येथे उतरला. त्या वेळी एका जुन्या ओकाच्या वाळून लोंबलेल्या फांद्यांना म्हणे पुन्हा पालवी फुटली. गडी खूश झाला. कॅप्री तेव्हा नेपल्स शहराच्या मालकीचे होते. त्याने नेपल्सला इस्किया हे पुष्कळ मोठे व सुपीक बेट देऊन टाकले आणि हा खडक आपल्याकडे घेतला. व्यवहार आतबट्ट्याचा खरा. पण हौसेला मोल नसते हे काय फक्त आपल्याकडचेच लोक जाणतात?

त्याची शेवटची सुटी इ.स. १४ मधली. वय पाऊणशे, पोट बिघडलेले. वाटेत अलेक्झांड्रियाहून आलेल्या एका गलबतावरच्या लोकांनी पांढरे कपडे घालून, फुलांच्या माळा चढवून, धूप जाळून त्याचा जयजयकार केला. तुझ्यामुळे आम्ही सुखाने समुद्रावर फिरतो, असे ते म्हणाले. म्हाताऱ्याला इतका आनंद झाला की त्याने सोबत्यांना प्रत्येकी चाळीस सोन्याची नाणी वाटली. अट एकच, ती अलेक्झांड्रियाच्या मालावरच खर्च करायची. मग चार दिवस कॅप्रीत मुक्काम. तेथे त्याने फर्मान काढले की रोमनांनी ग्रीक पोशाख करून ग्रीक बोलायचे आणि ग्रीकांनी रोमन पोशाख करून लॅटिन! तरुण पोरांची कसरत पाहिली, त्यांना जेवण घातले, फळे नि खाऊ उधळला आणि त्यासाठी त्यांची चाललेली झोंबाझोंबी पाहत खुशाल बसला. आपल्याकडे शिमग्याला सोंगे निघतात ना, तसलाच हा प्रकार. चार दिवस संपले, तो बेट सोडून निघाला, आणि थोड्याच दिवसांत, १९ ऑगस्टला, नोला गावी वारला.

दुसरा पाहुणा त्याचा वारस टायबेरियस. हा उत्तम सेनापती, पण स्वभावाने घुमा. इ.स. २६ मध्ये, ६७ वर्षांचा असताना, त्याने रोम सोडले आणि पुढच्याच वर्षी कॅप्री गाठली. इ.स. ३७ मध्ये तो मेला तोवर, म्हणजे सुमारे दहा वर्षे, तो येथे राहिला. एक-दोनदा रोमच्या वेशीपर्यंत येऊनही आत पाऊल म्हणून टाकले नाही. बेटावर त्याच्या बारा हवेल्या होत्या असे टॅसिटस हा इतिहासकार लिहितो. त्यांतली सर्वांत मोठी व्हिला योव्हिस. समुद्रापासून तीनशे मीटरांहून उंच कड्यावर तिचे अवशेष आजही उभे आहेत. या अवशेषांच्या मधोमध आहेत ती प्रचंड टाकी. विहीर नाही, झरा नाही. म्हणून साम्राज्याच्या धन्यालाही पावसाचे पाणी साठवून प्यावे लागे! दुर्गांवरची टाकी पाहिलेल्या आपल्या माणसाला याचे मर्म ताबडतोब समजेल.

या दहा वर्षांबद्दल काय काय लिहिले गेले आहे ते दिवाळी अंकात सांगण्यासारखे नाही. सांगण्यासारखी एकच गोष्ट घ्या. एक कोळी मोठा मासा पकडून, मागच्या बाजूचा अवघड कडा चढून, भेट द्यायला अचानक सम्राटापुढे उभा राहिला. सम्राट दचकला आणि त्याने तोच मासा त्या गरिबाच्या तोंडावर घासायला लावला. कोळी म्हणाला, नशीब, मी पकडलेले शेवंड यांना दिले नाही! तेव्हा सम्राटाने शेवंडही आणवून त्याचा चेहरा सोलून काढला.

ही गोष्ट सांगणारा स्युटोनियस. तो काय किंवा टॅसिटस काय, दोघेही टायबेरियस मेल्यानंतर जन्मलेले. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून मला एक ठाऊक आहे. माणसाने दार लावून घेतले की दाराबाहेरचे लोक आतली गोष्ट रचू लागतात, आणि दार जितके घट्ट तितकी गोष्ट रंगतदार. त्याच काळातली दुसरी हकीकत पाहा. इ.स. ३३ मध्ये रोममध्ये नाण्यांची टंचाई झाली, सावकारांनी तगादे लावले, घरंदाज कुटुंबे बुडू लागली. तेव्हा याच टायबेरियसने दहा कोटी सेस्टर्स तीन वर्षांसाठी बिनव्याजी कर्जाऊ दिले. तीही टॅसिटसचीच साक्ष आहे. पण ती कोणी चघळत नाही.

मग टायबेरियस निर्दोष होता काय? मुळीच नाही. कारभार त्याने सेजानस नावाच्या अधिकाऱ्यावर सोपवला. त्याचा संशय येताच, इ.स. ३१ मध्ये, कॅप्रीहून सिनेटला एक लांबलचक पत्र गेले. आपल्याला बढती मिळणार या आशेने सेजानस ते ऐकत बसला होता. त्याच दिवशी त्याला मृत्युदंड झाला. मागोमाग कित्येकांचे बळी गेले. माझ्या मते टायबेरियसचा खरा अपराध त्या हवेल्यांत शोधायचा नसून त्या पत्रांत शोधायचा आहे. आपल्या सहीने ज्यांची डोकी उडतात त्यांचे तोंडही पाहावे लागू नये, अशी सोय त्याने करून घेतली. ऑगस्टस सुटीवर गेला तो माणसांत मिसळायला. टायबेरियस गेला तो माणसे टाळायला. बेट तेच, समुद्र तोच.

त्यानंतर कॅप्रीचे वैभव ओसरले. चाचे आले, १५३५ मध्ये बार्बारोसा या तुर्की आरमारी सेनापतीने बेट लुटले. बेटाचे लोक मासे धरीत, आणि स्थलांतर करून दमून उतरणारे लावे पक्षी जाळ्यांत पकडून विकीत. तेथल्या बिशपचे उत्पन्न या पक्ष्यांवर चाले, म्हणून त्याला ‘लाव्यांचा बिशप’ म्हणत!

नवे दिवस आले ते एका गुहेमुळे. ऑगस्ट १८२६ मध्ये ऑगस्ट कोपिश आणि एर्न्स्ट फ्रीस हे दोन जर्मन तरुण पोहत त्या गुहेत शिरले. तोंड जेमतेम मीटरभर उंच. होडीत आडवे पडल्याशिवाय आत जाता येत नाही. परंतु पाण्याखाली दुसरे मोठे भगदाड आहे. त्यातून ऊन पाण्यात गाळून वर येते आणि सारी गुहा निळ्या प्रकाशाने भरून जाते. कोपिशने या ‘निळ्या गुहे’वर लिहिले आणि युरोप कॅप्रीला लोटला.

‘शोध’ कोपिशने लावला असे पुस्तके सांगतात. पण त्याला तिथवर घेऊन गेला तो आंजेलो फेरारो नावाचा बेटावरचा कोळी. कोळ्यांना ती गुहा आधीपासून ठाऊक होती. भुताखेतांच्या भयाने ते आत जात नसत, इतकेच. आणि त्यांच्याही आधी? १९६४ मध्ये गुहेच्या तळातून रोमन काळच्या समुद्रदेवतांच्या मूर्ती वर काढण्यात आल्या. म्हणजे टायबेरियसच्या काळचे बडे लोक येथे जलविहार करून गेले होते!

पुढे फार मंडळी आली. रशियन लेखक मॅक्झिम गॉर्की १९०६ पासून १९१३ पर्यंत येथे राहिला. १९०९ मध्ये त्याने आणि त्याच्या मित्रांनी रशियातल्या कामगारांसाठी या बेटावर चक्क शाळा भरवली. सुटीच्या बेटावर शाळा! मास्तर म्हणून मला हे वाचून मोठा संतोष झाला. लेनिनही १९०८ आणि १९१० मध्ये येऊन गेला. तेथे बुद्धिबळ खेळताना काढलेले त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. स्वीडिश डॉक्टर आक्सेल मुंथे याने वरच्या आनाकाप्री गावी घर बांधले आणि लाव्यांची कत्तल थांबावी म्हणून अख्खा डोंगर विकत घेतला. त्या गावाला खालून जाणाऱ्या दगडी पायऱ्या नऊशेंच्या वर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गाडीरस्ता झाला, तोवर बंदरावरचा माल बायका डोक्यावर घेऊन त्या पायऱ्या चढत. पाहुण्यांच्या दप्तरांत त्या बायकांची नावे नाहीत.

ऑगस्टसने इ.स.पू. १८ मध्ये एक सण सुरू केला होता. शेतीच्या कामांनी थकलेल्यांनी विसावा घ्यावा, अशी त्यामागची कल्पना. इटलीत तो आजही ‘फेरागोस्तो’ या नावाने १५ ऑगस्टला पाळतात. आपल्यालाही तो दिवस सुटीचाच. त्या दिवशी सारी इटली समुद्रावर लोटते. निळ्या गुहेपाशी मात्र आंजेलोचे भाऊबंद सकाळपासून वल्ही मारीत असतात. पाहुण्यांना होडीत निजवायचे, साखळी ओढून होडी आत घ्यायची, आतला निळा उजेड दाखवायचा आणि पुन्हा बाहेर आणायचे.

वाचकहो, हा अंक आपण फराळाच्या ताटाशेजारी उघडला असेल. चकल्या कोणी तळल्या, पहाटे पाणी कोणी तापवले, हे आपणांस ठाऊकच आहे. ऑगस्टसने त्या चार दिवसांत पोशाखांची अदलाबदल करायला लावली होती. दिवाळीच्या चार दिवसांपैकी एक दिवस आपण कामांची अदलाबदल करून पाहिली तर? रोमच्या सम्राटाचा आधार आहे. घरात कोणी हसले तर तेवढे सांगावे.