सुळक्यांवर मरणारे जंतू

सिकाडा म्हणजे झाडाच्या खोडाला चिकटून कान किटवणारा कीटक. त्याच्या पंखावर पाणी ठरत नाही, अळूच्या पानासारखं. मेलबर्नच्या स्विनबर्न विद्यापीठात एलेना इव्हानोव्हा आणि रसेल क्रॉफर्ड यांच्या गटाने हा पंख तपासायला घेतला. पाणी ठरत नाही तर जंतूही टिकत नसतील, असं कुणालाही वाटेल. २०१२ साली त्यांनी छापलं ते उलटंच होतं. स्यूडोमोनास एरुजिनोसा हे चिवट जंतू पंखाला आरामात चिकटत होते, आणि चिकटल्यावर काही मिनिटांत मरत होते.

पंखावर एखादं रसायन असेल, ही शंका साहजिक. म्हणून त्यांनी पंखावर सोन्याचा अगदी पातळ थर चढवला, साधारण १० नॅनोमीटरचा. रसायन असलंच तर झाकलं गेलं, आकार तसाच राहिला. जंतू तरीही मेले. या सगळ्या इतिहासात मला हाच प्रयोग सगळ्यात आवडतो. डिबगिंग तरी वेगळं काय असतं? एकच गोष्ट बदलायची, बाकी हात लावायचा नाही.

मारत होता तो आकार. पंखावर साधारण २०० नॅनोमीटर उंचीचे बोथट सुळके रांगेने उभे असतात, दोन सुळक्यांमध्ये १७० नॅनोमीटरचं अंतर. जंतू त्याच्या कितीतरी पट लांब, म्हणजे एकाच वेळी अनेक सुळक्यांवर आडवा पडणारा. बातम्यांनी याला 'खिळ्यांची शय्या' करून टाकलं, पण टोचून भोक पडतं असं नाही. २०१३ साली मांडलेल्या गणितानुसार जंतूचं आवरण सुळक्यांना बिलगत जातं, मधल्या जागेत ताणलं जातं आणि तिथेच फाटतं. जाड, ताठ आवरणाचे जंतू यातून वाचतात. त्यातल्या काहींना मायक्रोवेव्हने नरम केलं, तर तेही मरू लागले!

त्याच वर्षी चतुराचा नंबर लागला. आपल्याकडे पावसाळ्यात माळावर घिरट्या घालणारा, पोरं ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात तो. चतुराच्या पंखासारखेच सुळके असलेलं काळं सिलिकॉन घेऊन त्यांनी दाखवलं, की हा पृष्ठभाग जाड आवरणाचे जंतूही मारतो. दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला साडेचार लाखांपर्यंत.

हे धाराशिवच्या माणसाने का वाचावं? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं कोसळली, तेव्हा ढिगाऱ्यातून हात-पाय मोडलेली माणसं निघाली. आमच्या भागात पायात रॉड असलेला एखादा काका प्रत्येक नात्यात सापडतो. धातूवर एकदा जंतूंचा चिकट थर बसला की अँटिबायोटिक आतपर्यंत पोचत नाही. मग बऱ्याचदा रॉडच काढावा लागतो, म्हणजे पुन्हा ऑपरेशन, पुन्हा खर्च, पुन्हा हंगाम बुडाला. रॉडचा पृष्ठभागच जंतूंना जगू देणार नसेल तर?

तो प्रयत्न आपल्या शेजारीच झाला. २०१२ च्या त्या शोधनिबंधातले एक लेखक जाफर हसन पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. कौशिक चॅटर्जींच्या प्रयोगशाळेत त्यांनी टायटॅनियमवर असेच सुळके कोरले. काळ्या टायटॅनियमचा तो निबंध २०१७ चा. टायटॅनियम निवडलं, कारण हाडात बसवायला हा धातू बऱ्याचदा वापरतात.

मात्र 'फाटून मरतो' ही गोष्ट वाटते तितकी सरळ राहिलेली नाही. २०२० साली ब्रिस्टलच्या संशोधकांनी टायटॅनियमच्या सुळक्यांवर पाहिलं, की पुष्कळ जंतू फाटत नाहीत. ते दबतात, त्यांची वाढ अडते, आत ऑक्सिडेशनचा ताण वाढतो. शिवाय मेलेल्या जंतूंचा गाळ सुळक्यांवर साचतो आणि नंतर येणाऱ्यांना त्यावर मऊ गादी मिळते. चतुराचा पंख पाऊस धुऊन काढतो. हाडातल्या रॉडला पाऊस लागत नाही.