घाम, श्रम आणि शारीरिक क्षमता : एका समजुतीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मराठीत कष्टकरी माणूस घाम गाळतो आणि भ्यालेल्या माणसाला घाम फुटतो. पहिल्या प्रयोगात कर्तृत्व आहे, दुसऱ्यात अगतिकता. व्यायामाच्या वेळी येणाऱ्या भरपूर घामाविषयीही अशाच दोन परस्परविरोधी समजुती रूढ आहेत. काहींना तो उत्तम व्यायामाचा पुरावा वाटतो, तर काहींना दुर्बलतेचे लक्षण. या समजुती कितपत टिकतात आणि घामाच्या मोजमापामागे कोणाचे हेतू होते, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

तराजूपासून तप्त खोलीपर्यंत

व्यायाम निम्म्या शक्तीपर्यंतच करावा, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे आणि तोंडाला कोरड पडणे ही ती मर्यादा गाठल्याची खूण होय, असे पुढील आयुर्वेदीय परंपरेने मानले. म्हणजे येथे घाम हे उद्दिष्ट नसून थांबण्याची सूचना होती.

युरोपात मोजमापाची सुरुवात पादुआ येथील वैद्य सांतोरिओ यांनी केली. तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून त्यांनी स्वतःचे वजन वर्षानुवर्षे नोंदविले. दिवसाला आठ पौंड अन्नपाणी घेतल्यास सुमारे पाच पौंड अदृश्य रूपाने शरीराबाहेर जातात, असे त्यांनी 1614 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. त्यांच्या दृष्टीने हे उत्सर्जन होते. शरीर थंड राखण्याशी त्याचा संबंध अद्याप जोडला गेला नव्हता.

तो संबंध पुढे येण्यास लंडनमधील प्रयोगांनी हातभार लावला. 1775 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार चार्ल्स ब्लॅग्डेन सुमारे 260 अंश फॅरनहाइट तापविलेल्या खोलीत काही मिनिटे राहिले. त्याच खोलीत मांस शिजले. माणसाच्या शरीराचे तापमान मात्र फारसे चढले नाही. याचे काही श्रेय ब्लॅग्डेन यांनी बाष्पीभवनाला दिले, तरी उष्णता नष्ट करणारी एखादी जीवनशक्तीही शरीरात असावी, असे त्यांना वाटत होते. आज आपण जाणतो की एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातून सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. नुसता ठिबकणारा घाम मात्र शरीर थंड करीत नाही.

खाणी, धरण आणि श्रमिकांचे शरीर

विसाव्या शतकात हा प्रश्न श्रमाच्या ठिकाणी आला. जे. एस. हाल्डेन यांनी 1905 मध्ये दाखवून दिले की, ओल्या फडक्याने वेढलेल्या तापमापकावरील आकडा स्थिर हवेत सुमारे 31 अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर स्वस्थ बसलेल्या माणसाचेही तापमान चढू लागते. दमट हवेत घाम वाळत नाही, हे त्याचे कारण.

अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरील धरणाच्या कामावर 1931 च्या उन्हाळ्यात अनेक कामगार उष्माघाताने दगावले. पुढील वर्षी हार्वर्ड विद्यापीठाच्या थकवा-संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ तेथे गेले आणि त्यांनी कामगारांच्या घामाचा व त्यातील मिठाचा अभ्यास केला. अशा संशोधनातून पुढे स्पष्ट झाले की, उष्णतेत काही दिवस श्रम केल्यावर घाम लवकर सुटतो, अधिक येतो आणि त्यातील मिठाचे प्रमाण घटते. म्हणजे अधिक घाम ही येथे दुर्बलता नसून अनुकूलनाची खूण ठरते.

दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत याच ज्ञानाला वेगळे वळण लागले. तेथे 1924 पासून उष्माघाताचे मृत्यू नोंदले जाऊ लागले होते. डॉ. ड्रिऑस्टी यांनी 1935 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत कृष्णवर्णीय मजुरांकडून तप्त खोलीत दगड उपसण्याचे काम करून घेतले जाई आणि वाढलेल्या तापमानावरून त्यांची वर्गवारी होई. या उपायांनी जीव वाचले, हे मान्य करावे लागेल. तथापि येथे ‘क्षमता’ याचा अर्थ मजुराचे आरोग्य एवढाच नव्हता; खाणीला उपयोगी पडण्याची पात्रता असाही होता. खोल खाणीतील हवा थंड करण्याच्या जबाबदारीचा काही भार अशा रीतीने मजुराच्या घर्मग्रंथींवर टाकला गेला.

क्रीडाक्षेत्रातील विपर्यास

घाम म्हणजेच तंदुरुस्ती, ही समजूत किती महाग पडू शकते, हे 1997 च्या अखेरीस अमेरिकेत दिसले. वजनगटात बसण्यासाठी रबरी पोशाख घालून आणि पाणी टाळून कसरत करणारे तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर अवघ्या पाच आठवड्यांत मरण पावले. 1998 मध्ये तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने अशा पोशाखांवर व बाष्पस्नानावर बंदी घातली. घामाने घटलेले वजन हे पाण्याचे असते, चरबीचे नव्हे, हा साधा भेद येथे प्राणांतिक ठरला.

समारोप

नियमित व्यायाम करणाऱ्यास घाम लवकर येतो, हे खरे. परंतु त्याचे प्रमाण शरीराचा आकार, श्रमाची तीव्रता, हवामान, उष्णतेची सवय आणि आनुवंशिकता यांवरही अवलंबून असते. म्हणून दोन व्यक्तींच्या घामाची तुलना करून त्यांची क्षमता ठरविता येत नाही. घाम हे शरीराने उष्णतेला दिलेले उत्तर होय. आपल्या महाविद्यालयांच्या मैदानांवर भर उन्हात सराव करणाऱ्या विद्यार्थ्याच्या भिजलेल्या सदऱ्याचे कौतुक करण्यापूर्वी, त्याला पाणी, सावली आणि विश्रांती मिळाली आहे काय, हे पाहणे शिक्षकांचे कर्तव्य ठरते.