मॉमी नदीचा वसंतपूर

इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि राज्यकर्त्यांच्या वंशावळी यांकडेच आपली दृष्टि प्रथम वळते. नदीला दरवर्षीं येणारा पूर ही निव्वळ निसर्गाची लीला आहे, तिचा इतिहासाशीं काय संबंध, असें सामान्यतः समजलें जातें. आमच्या मतें हा समज अर्धवट आहे. ज्या भूमीवरून पाणी वाहत येतें ती भूमि माणसानें बदलली, कीं पुराचा वेग बदलतो, त्याचा रंग बदलतो, आणि त्याच्या पोटांतून वाहून येणारा मालही बदलतो. तेव्हां पुरालाही इतिहास असतो. उत्तर अमेरिकेंतील मॉमी नदी आणि तिच्या वसंतांतील पुराबरोबर वर चढणारा वॉलआय नांवाचा मासा यांची हकीकत या दृष्टीनें फार बोधप्रद आहे, म्हणून ती आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

मॉमी नदी इंडियाना संस्थानांतील फोर्ट वेन या शहरीं दोन नद्यांच्या संगमापासून निघते, आणि ईशान्येकडे सुमारें १३० मैल वाहत जाऊन ओहायओ संस्थानांतील टोलेडो शहरापाशीं ईरी सरोवराला मिळते. मुखापासून कांहीं मैल वर पेरिसबर्ग आणि मॉमी हीं दोन गांवें समोरासमोरच्या तीरांवर वसलीं आहेत. तेथपर्यंत नदीचें पाणी सरोवराच्या पातळीशीं मिळून संथ असतें. तेथून वर चुनखडकाच्या पात्रावरून खळाळत येणारा प्रवाह लागतो. या खळाळाच्या तळाशीं रेव व गोटे आहेत, आणि तींच वॉलआयचीं सूतिकागृहें होत.

या माशाचें पहिलें शास्त्रीय वर्णन मिचिल नांवाच्या अमेरिकन पंडितानें १८१८ सालीं केलें व त्याच्या डोळ्यावरून त्याला 'काचेसारखा' अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. त्याच्या डोळ्याच्या आंत प्रकाश परतविणारा एक थर असतो. त्यामुळें अंधुक उजेडांत व गढूळ पाण्यांत त्याला इतर माशांपेक्षां चांगलें दिसतें. मार्च व एप्रिल महिन्यांत बर्फ वितळून आणि पाऊस पडून नदी फुगूं लागली, पाणी किंचित् ऊबदार झालें, म्हणजे सरोवरांतील वॉलआय नदींत शिरतात. नर आधीं येऊन थांबतात, माद्या मागाहून येतात. अंडीं घालण्याचें काम बहुधा रात्रीं चालतें. एक मोठी मादी लाखांनीं अंडीं टाकते. पण ना घरटें, ना राखण. अंडीं रेवेच्या फटींत बसतात, दोन-तीन आठवड्यांत फुटतात, आणि केसासारखीं बारीक पिलें प्रवाहाबरोबर सरोवराकडे वाहत जातात. मृगाच्या पहिल्या पाण्याबरोबर ओढ्यांतून व शेतांतून वर येणारे चढणीचे मासे ज्या कोंकणस्थ वाचकांनीं पाहिले आहेत, त्यांना ही ओढ कांहीं नवी वाटणार नाहीं.

पाणी चढत असतांना हा मासा धरणें ही एक स्वतंत्र कला आहे. पाणी बेताचें असतें तेव्हां शेंकडों लोक छातीपर्यंतचे रबरी पोशाख चढवून प्रवाहांत रांगेनें उभे राहतात. दोरीला शिसें बांधून, त्यापुढें थोडा दोरा मोकळा सोडून, त्याच्या टोंकाला गळ व रंगीत आमिष लावतात. तें प्रवाहाच्या आडवें फेंकून तळाच्या गोट्यांवरून ठेचकाळत वाहूं देतात. परंतु पाणी चढूं लागलें कीं सर्व मांडणी बदलते. मध्यप्रवाहांत माणसाचा पाय ठरत नाहीं, आणि माशालाही तेथें शक्ति व्यर्थ खर्चणें परवडत नाहीं. तो कांठाकडे सरकतो. बेटाचा आडोसा, मोठ्या दगडाची मागची बाजू, काल कोरडीं असलेलीं झाडांचीं मुळें, अशा मंद पाण्याच्या जागा तो धरतो. नवशिका मनुष्य अधिक पुढें, खोल पाण्यांत जाऊं पाहतो, आणि मासा त्याच्या पाठीमागें असतो! जाणता मनुष्य मागें सरून कांठाशीं उभा राहतो, शिसें जड करतो, आणि गढूळ पाण्यांत उठून दिसेल असें भडक रंगाचें आमिष घेतो.

केवळ पाऊस पाहूनही भागत नाहीं. ईशान्येचा वारा सुटला कीं तो सरोवराचें पाणी नदीच्या मुखांत रेटतो, व खालच्या भागांतील पातळी पावसावांचूनच चढते. नैर्ऋत्येचा वारा तीच उतरवितो. म्हणून वॉटरव्हिल येथील मापनकेंद्राचे आंकडे आणि वाऱ्याची दिशा हीं दोन्ही लक्षांत घेऊन लोक घरून निघतात. कायदाही या हंगामांत जागरूक असतो. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच गळ टाकण्याची मुभा आहे. तीन आंकड्यांच्या गळाला मनाई आहे. तोंडानें गळ घेतलेला मासाच ठेवतां येतो, अंगाला टोंचून अडकलेला परत सोडावा लागतो. ज्या रात्रीं मासा पुढच्या पिढीची तरतूद करतो त्या रात्रीं येणेंप्रमाणें त्याच्यासाठींच राखल्या जातात.

आतां या कांठावरील माणसांकडे वळूं. याच खळाळापाशीं नदी ओलांडण्यास सोयीची असल्यामुळें हें स्थळ लष्करीदृष्ट्याही मोलाचें होतें. अठराव्या शतकांत ओडावा, मायामी, शॉनी इत्यादि मूळच्या लोकांचीं गांवें व मक्याचीं शेतें या नदीच्या तीरीं होतीं. २० ऑगस्ट १७९४ रोजीं येथून जवळच, वादळानें उन्मळून पडलेल्या झाडांच्या रानांत, सेनापति अँथनी वेन यानें त्यांच्या संघाचा पराभव केला, व नंतर त्याच्या फौजेनें तीं मक्याचीं शेतें जाळलीं. १८१३ सालीं हॅरिसन यानें पेरिसबर्गच्या बाजूस फोर्ट मेग्ज हा किल्ला उभारला. इंग्रजांनीं व टेकुम्सेच्या अनुयायांनीं त्याला वेढा दिला, पण तो पडला नाहीं. पुढें २९ सप्टेंबर १८१७ रोजीं या खळाळाच्या पायथ्याशींच तह होऊन वायव्य ओहायओंतील मूळच्या लोकांची बहुतेक उरलेली जमीन अमेरिकन सरकारकडे गेली, आणि १८३० नंतरच्या दशकांत ओडावांस मिसिसिपीपलीकडे कॅन्ससमध्यें धाडण्यांत आलें. ज्यांचीं शेतें व मासेमारीचीं ठिकाणें या कांठावर होतीं त्यांना पुढचे पूर पाहावयास मिळाले नाहींत.

परंतु नदीच्या दृष्टीनें याहूनही मोठी क्रांति तोफांनीं नव्हे, तर कुदळींनीं केली. मॉमीच्या खोऱ्यांत सुमारें दीड हजार चौरस मैलांची एक विस्तीर्ण दलदल होती. तिला काळी दलदल म्हणत. झाडी इतकी दाट आणि चिखल इतका खोल कीं तेथें वस्ती करण्यास लोक कचरत, व हिंवतापानें हैराण होत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील शेतकऱ्यांनीं झाडें तोडलीं, चर खणले, आणि जमिनीखालीं भाजलेल्या मातीचे नळ पुरून सर्व पाणी काढून दिलें. त्या कष्टाळू लोकांची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. रोगट चिखलाच्या जागीं त्यांनीं देशांतील उत्तम शेतजमीन निर्माण केली. तथापि दलदल म्हणजे नदीचें पोटच होतें. बर्फाचें व पावसाचें पाणी ती सांठवून हळूहळू सोडीत असे, आणि गाळ आपल्याजवळ ठेवून घेत असे. आतां तेंच पाणी चरांतून व नळांतून धांवत नदींत येऊं लागलें. पूर लवकर चढूं लागला, लवकर उतरूं लागला, व अधिक गढूळ झाला. अंड्यांवर गाळ बसला तर तीं गुदमरतात. पूर एकाएकीं ओसरला तर कांठचीं उघडीं पडून सुकतात. तेव्हां माशाला पूर हवा असतो हें खरें, परंतु वाटेल तो पूर हवा असतो असें नव्हे.

विसाव्या शतकांत सरोवराचीही दशा झाली. शहरांची घाण व कारखान्यांचें पाणी यांनीं तें इतकें बिघडलें कीं ईरी सरोवर मेलें, असें लोक उघड म्हणूं लागले. वॉलआयचा निळसर भाऊबंद, ज्याची पूर्वीं लक्षावधि पौंडांनीं विक्री होई, तो नाहींसा झाला. १९८३ सालीं तो नष्ट झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. १९७० सालीं माशांत पारा आढळल्यावरून वॉलआयची व्यापारी मासेमारी थांबविण्यांत आली. १९७२ सालीं अमेरिकेनें जलशुद्धीचा कायदा केला, आणि त्याच सालीं अमेरिका व कॅनडा यांच्यामध्यें या महासरोवरांच्या पाण्याविषयीं करार झाला. मासेमारीस मर्यादा घालण्यांत आल्या. कॅनडाच्या बाजूस व्यापारी मासेमारी १९७६ सालीं पुन्हां सुरू झाली, परंतु ओहायओनें ती वॉलआयसाठीं पुढेंही खुली केली नाहीं. या संयमाचें फळ मिळालें. २००३, २०१५ व २०१८ या सालच्या पिढ्या तर विशेष विपुल निपजल्या, आणि मॉमीच्या कांठीं दर वसंतांत दूरदूरच्या संस्थानांतून हजारों लोक लोटतात.

हें पाहून 'मासा परत आला, म्हणजे नदी सुधारली' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. येथेंच सावध राहिलें पाहिजे. शेतांत घातलेल्या खतांतील व शेणखतांतील फॉस्फरस त्याच चरांतून व नळांतून नदींत उतरतो, आणि मार्चपासून जुलैपर्यंत मॉमींतून जितका फॉस्फरस सरोवरांत जाईल त्या मानानें त्या उन्हाळ्यांत विषारी हिरवें शेवाळें माजतें. ऑगस्ट २०१४ मध्यें या शेवाळ्याचें विष टोलेडोच्या नळांत उतरलें, आणि सुमारें चार लाख लोकांस जवळजवळ तीन दिवस घरचें पाणी पिण्याची मनाई झाली; उकळूनही तें विष जात नव्हतें. २०१५ सालीं ओहायओ, मिशिगन व ऑन्टेरिओ यांनीं हा फॉस्फरस २०२५ पर्यंत ४० टक्क्यांनीं कमी करण्याचा संकल्प केला. ती मुदत आली तरी उन्हाळ्यांत हिरवें पाणी दिसणें थांबलेलें नाहीं.

म्हणजे ज्या वाढत्या पाण्याची गळ टाकणारा कांठावर आतुरतेनें वाट पाहतो, तेंच पाणी मासा वर आणतें आणि विषाचें बीज खालीं नेतें. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यांत, एकाच प्रवाहांत घडतात. शिवाय ईरी सरोवरांतील पुष्कळसे वॉलआय नदींत न येतां सरोवराच्याच खडकाळ उथळ भागांत अंडीं घालतात. तेव्हां त्यांची विपुलता हें नदीच्या आरोग्याचें प्रमाणपत्र म्हणून दाखवितां येत नाहीं.

१९७० नंतरची सुधारणा खरी होती, पण ती तुलनेनें सोपी होती, असें आम्हांस वाटतें. कारखान्याचें तोंड एक असतें, तें बंद करतां येतें. हजारों शेतांखालीं पुरलेल्या नळांचीं तोंडें मोजणेंही कठीण. तेथें केवळ हुकुमानें भागणार नाहीं. खत केव्हां व किती घालावें, दलदलीचा थोडा तरी भाग नदीला परत द्यावा कीं नाहीं, हे प्रश्न प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधावर सुटावे लागतील. दर वसंतांत मासा येईल, कारण वर चढणें हा त्याचा धर्म आहे; चढतांना तो पाण्याची परीक्षा करीत बसत नाहीं. ती परीक्षा, ज्यांच्या पूर्वजांनीं त्या पुराला आजचें रूप दिलें, त्यांनींच केली पाहिजे.