ब्राउझरमधील बंद पेटी : एका कुलपाचा इतिहास

१/ चित्रपट सुरू करावा आणि पडद्यावर चित्राऐवजी त्रुटीची सूचना यावी, हा अनुभव अनेकांना आला असेल. या किरकोळ वाटणाऱ्या अडचणीमागे एक जुना वाद आहे. आपल्या यंत्रावरील कुलपावर अधिकार कोणाचा?

२/ आरंभ डीव्हीडीपासून करू. तिच्यावरील चित्रपट ४० बिटांच्या किल्लीने कूटबद्ध असत आणि परवानाधारक प्लेअरलाच ते उलगडण्याची मुभा असे. १९९९ साली नॉर्वेतील १५ वर्षांचा जॉन योहान्सेन व त्याच्या साथीदारांची 'डीसीएसएस' ही आज्ञावली प्रसिद्ध झाली आणि ते कुलूप उघडले. लिनक्सवर चित्रपट पाहता यावा, हा आपला हेतू असल्याचे त्याने सांगितले. त्याच्यावर खटला भरला गेला. २००३ मध्ये तो प्रथम कनिष्ठ न्यायालयात व नंतर अपिलातही निर्दोष ठरला.

३/ अमेरिकेत मात्र १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने असे कुलूप तोडणे हेच बेकायदा ठरवले होते.

४/ पुढे चित्रपट वेबवर आले. प्रारंभी कुलपाचे काम फ्लॅश, सिल्व्हरलाइट यांसारखे प्लगइन करीत. प्लगइनचा काळ सरू लागला, तेव्हा २०१२ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट व नेटफ्लिक्स यांच्या प्रतिनिधींनी वेबची मानके ठरवणाऱ्या 'डब्ल्यूथ्रीसी' या संस्थेपुढे 'ईएमई' हा प्रस्ताव मांडला.

५/ त्याची रचना अशी : ईएमई हा केवळ निरोप्या. प्रत्यक्ष उलगडा करतो 'सीडीएम' हा बंद घटक; उदाहरणार्थ गूगलचा वाइडव्हाइन किंवा मायक्रोसॉफ्टचा प्लेरेडी. सीडीएम परवान्याची मागणी तयार करतो, वेबपान ती सर्व्हरकडे पोहोचवते, आणि परवान्यातून आलेली किल्ली सीडीएमपाशीच राहते.

६/ मुक्त वेबचा कैवार घेणाऱ्या मोझिलाने २०१४ मध्ये नाइलाजाने हा मार्ग पत्करला. प्रेक्षक फायरफॉक्स सोडून जातील, ही भीती होती. मात्र बंद घटकाभोवती सँडबॉक्सचे कुंपण घालण्यात आले.

७/ इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने तडजोड सुचवली : कुलूप ठेवा, पण त्यातील सुरक्षादोष शोधणाऱ्या संशोधकांवर खटले भरणार नाही, असे वचन द्या. ती मान्य झाली नाही. सदस्यांच्या मतदानात १०८ मते बाजूने, ५७ विरोधात पडली. १८ सप्टेंबर २०१७ रोजी ईएमई अधिकृत शिफारस बनले. त्याच दिवशी फाउंडेशनने डब्ल्यूथ्रीसीचे सदस्यत्व सोडले.

८/ आता त्या त्रुटीकडे वळू. पुष्कळदा सीडीएम अनुपस्थित, बंद किंवा जुना झालेला असतो. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये डीआरएम मजकूर चालवण्याची परवानगी द्यावी, ॲड-ऑनच्या प्लगइन विभागात वाइडव्हाइन सुरू आहे का ते पाहावे, ब्राउझर अद्ययावत करून पुन्हा सुरू करावा. बाह्य पडदा जोडला असल्यास तो काढून पाहावा. जोडणी संरक्षित नसेल तर चित्र रोखले जाऊ शकते.

९/ लक्षात घ्या, या उपायांत आपण पेटी बसवतो, बदलतो, सुरू करतो. ती उघडून आतला दोष पाहत नाही. योहान्सेनच्या खटल्यात आणि २०१७ च्या मतदानात वाद याच उघडण्याच्या अधिकाराचा होता. तो अद्याप मिटलेला नाही.